एबीआय नॉर्मल, पण अंगठ्याची जखम भरत नाही: पायाच्या डॉपलरचा रिपोर्ट कसा वाचायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६४ वर्षांचे, गंगाखेड तालुक्यात शेती. १२ वर्षांपासून शुगर, बिडी तरुणपणापासून. घरून शेताकडे निघाले की निम्म्या वाटेत डावी पिंढरी धरते, दोन-चार मिनिटं उभं राहिलं की सुटते. तीन आठवड्यांपूर्वी अंगठ्याला ठेच लागली, ती जखम अजून भरलेली नाही. कलर डॉपलर झाला. त्यात डाव्या मांडीतली मुख्य धमनी ‘ऑक्लूडेड’ (पूर्ण बंद), गुडघ्याखाली ‘मोनोफेजिक फ्लो’ आणि त्याच पायाचा एबीआय १.२८ असं लिहिलं आहे. एका डॉक्टरांनी एबीआय नॉर्मल म्हणून कमरेचा एमआरआय सांगितला, दुसऱ्यांनी लगेच अँजिओग्राफी (रंगद्रव्य सोडून धमन्यांचं चित्र घेण्याची तपासणी) सांगितली, आणि शेजाऱ्यांनी पायाच्या शिरा फुगलेल्या पाहून घट्ट लांब मोजे आणून दिले. मुलगा विचारतो, ऐकायचं कुणाचं?

आधी करायचं काय ते सांगतो. मोजे आजच काढून ठेवा. एमआरआय थांबू शकतो. वडिलांच्या पायाला रक्त कमी पोहोचतंय असं धरून चाला आणि याच आठवड्यात रक्तवाहिन्यांच्या सर्जनना दाखवा. एबीआयचा तो चांगला आकडा या पायात विश्वासाचा नाही, आणि तो का नाही हे त्याच कागदावर लिहिलेलं आहे.

एबीआय म्हणजे घोट्याजवळचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब. घोट्याच्या वर पट्टा बांधतात, हवा भरतात, आणि पेन्सिलसारख्या छोट्या डॉपलरने पावलावरच्या धमनीचा आवाज कधी परत येतो ते ऐकतात. निरोगी माणसात हा आकडा १.० ते १.४ च्या दरम्यान असतो. ०.९० किंवा त्याखाली आला तर पायाच्या धमन्यांचा आजार आहे असं मानतात, ०.४० च्या खाली म्हणजे फार गंभीर. तपासणी स्वस्त आहे, पाच-दहा मिनिटांत होते, आणि माझं मत असं की प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ती व्हायला पाहिजे.

पण ही तपासणी एका गोष्टीवर उभी आहे: पट्टा फुगवला की आतली धमनी दाबली गेली पाहिजे. बऱ्याच वर्षांची शुगर असली किंवा किडनीचा आजार असला की धमनीच्या भिंतीच्या मधल्या थरात कॅल्शियम साठतं. धमनी ताठ होते. मग पट्ट्यात कितीही हवा भरा, ती दबत नाही आणि दाब खोटाच जास्त दिसतो. आकडा १.४ च्या वर गेला तर बहुतेक डॉक्टर सावध होतात. खरा घोटाळा होतो तो मधल्या रुग्णांत. खरा आकडा ०.६ असतो, ताठपणामुळे तो वर सरकून १.१ किंवा १.२ होतो आणि कागदावर ‘नॉर्मल’ उमटतं. मांडीतली मुख्य धमनी पूर्ण बंद असलेल्या माणसाचा घोट्याचा दाब दंडापेक्षा जास्त येणं हे धमनी ताठ झाल्याशिवाय होत नाही. दोन नोंदी एकमेकींना खोटं पाडत असतील तर जिच्यात फसगत होण्याची शक्यता जास्त ती बाजूला ठेवायची. इथे ती एबीआय आहे.

अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजतात. बोटांच्या बारीक धमन्यांत हे कॅल्शियम सहसा कमी साठतं, म्हणून तो आकडा जास्त खरा असतो. अंगठ्याचा दाब दंडाच्या ०.७ पटीपेक्षा कमी असला तर आजार आहे. जखम असलेल्या पायात मात्र गुणोत्तरापेक्षा थेट आकडा बघावा. ६० मिमी किंवा त्याहून जास्त असेल तर जखम भरायला पुरेसं रक्त येतंय. ३० च्या खाली असेल तर ड्रेसिंग कितीही चांगलं केलं तरी ती भरणं अवघड. वडिलांच्या डाव्या अंगठ्यालाच जखम असल्याने पट्टा तिथे बांधता येत नसेल तर शेजारच्या बोटावर मोजतात. सर्जनकडे गेल्यावर हा आकडा मागा.

आता डॉपलरकडे येऊ. ख्रिश्चन डॉपलर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये जोडताऱ्यांच्या रंगाबद्दल मांडलेलं तत्त्व आपण आज पायावर वापरतो. यंत्र आवाजाच्या लहरी पाठवतं, त्या धावणाऱ्या रक्तपेशींवर आपटून परत येतात, आणि परतलेल्या लहरींची वारंवारता किती बदलली यावरून रक्ताचा वेग निघतो. त्यात कोनाला फार महत्त्व आहे. लहर आणि प्रवाह यांच्यातला कोन ६० अंशांपेक्षा जास्त झाला की वेगाच्या आकड्यात चूक झपाट्याने वाढते, आणि ९० अंशाला तर धो-धो वाहणारी धमनीसुद्धा बंद असल्यासारखी दिसू शकते. म्हणून तपासणी घाईत उरकली तर रिपोर्ट देखणा येतो, बरोबर येईलच असं नाही. दोन्ही पाय मांडीपासून पावलापर्यंत नीट बघायला पाऊण तास जातो.

रंगाबद्दल एक गैरसमज जवळजवळ प्रत्येक घरी असतो. स्क्रीनवरचा लाल म्हणजे शुद्ध रक्त आणि निळा म्हणजे अशुद्ध, असं नाही. रक्त प्रोबच्या (कातडीवर धरतात त्या यंत्राच्या टोकाच्या) दिशेने येतंय की दूर जातंय एवढंच रंग सांगतो. प्रोब उलटा धरला की रंग उलटतात.

रिपोर्टात खरं वाचायचं असतं ते लहरीचं रूप. आराम करत असलेल्या निरोगी पायाच्या धमनीत हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला रक्त आधी जोरात पुढे जातं, मग क्षणभर मागे येतं, मग पुन्हा थोडं पुढे सरकतं. याला ट्रायफेजिक म्हणतात. मधलं ते मागे येणं का होतं? आरामात असताना पायाच्या बारीक वाहिन्या आवळलेल्या असतात, समोरून विरोध असतो, म्हणून रक्ताची लाट परतते. वर कुठे अडथळा आला की खालचे स्नायू रक्तासाठी आसुसतात, बारीक वाहिन्या सैल पडतात, विरोध संपतो आणि परतीची लाट नाहीशी होते. उरतो तो एकाच दिशेचा, मंद चढणारा, बुटका प्रवाह. तो मोनोफेजिक. म्हणजे पावलाजवळ मोनोफेजिक दिसलं की आजार बहुधा त्याच्या वर आहे असं समजायचं.

इथे एक बारकावा आहे आणि रिपोर्ट लिहिणाऱ्यांनीही तो पाळला पाहिजे. पायात पू झालेला असेल, पाऊल गरम आणि सुजलेलं असेल, किंवा रुग्ण नुकताच चालून आलेला असेल, तर धमनी मोकळी असूनही परतीची लाट जाते. मग फरक ओळखायचा चढावरून. जंतुसंसर्गाच्या पायात लहर टोकदार चढते आणि वेगही चांगला असतो. अडथळ्याखालच्या पायात ती हळूहळू चढते आणि गोलसर माथा करून उतरते. नुसतं ‘मोनोफेजिक’ लिहून भागत नाही. तुमच्या रिपोर्टसोबत प्रिंट असतील तर लहरीचं चित्र सर्जनना नक्की दाखवा, शब्दांपेक्षा त्यांना ते जास्त उपयोगी पडेल.

अरुंद जागा कशी ओळखतात तेही सांगतो. पाईपच्या तोंडावर बोट धरलं की पाण्याची धार जोरात सुटते, तसं चिंचोळ्या जागेत रक्ताचा वेग वाढतो. त्या जागेचा वेग आणि तिच्या जरा वरचा वेग यांचं गुणोत्तर काढतात. दुप्पट झालं तर निम्म्याहून जास्त अरुंद, चौपट झालं तर तीन-चतुर्थांशाहून जास्त. वडिलांच्या बाबतीत धमनी अरुंद नाही, पूर्ण बंद आहे. मांडीतली ही धमनी बहुतेक वेळा मांडीच्या खालच्या भागात, जिथे ती स्नायूंच्या बोगद्यातून जाते, तिथे बंद पडते. पण बंद पडण्याची क्रिया वर्षानुवर्षं चाललेली असते, म्हणून मांडीतल्या खोल धमनीच्या फांद्या वाढतात, आडवाटेने रक्त गुडघ्यामागे पोहोचवतात, आणि माणूस आरामात असताना ठीक असतो. चालायला लागला की तेवढं रक्त पुरत नाही आणि पिंढरी धरते.

तुमच्या रिपोर्टात आणखी एक ओळ शोधा. जांघेतल्या धमनीची लहर कशी आहे? ती ट्रायफेजिक असेल तर पोटातून जांघेपर्यंतचा रस्ता मोकळा आहे आणि काम मांडीपासून खालीच करायचं आहे. तिथेच मोनोफेजिक असेल तर पोटातल्या धमन्याही बघाव्या लागतील. पोटात गॅस असला की त्या नीट दिसत नाहीत, म्हणून ती तपासणी उपाशीपोटी करतात. ही एक ओळ उपचाराची सगळी आखणी बदलते, तरी पुष्कळ रिपोर्टांत ती सापडत नाही, याचं मला वाईट वाटतं.

कमरेच्या शंकेबद्दल. मणक्यात नस दबून होणारं दुखणंही चालताना येतं, पण त्याची चाल वेगळी असते. ते नुसतं उभं राहिल्यानेही वाढतं, आणि वाकल्याने किंवा बसल्याने कमी होतं. सायकल चालवताना सहसा येत नाही. रक्ताच्या कमतरतेचं दुखणं ठरावीक अंतरावर येतं, चढावर लवकर येतं, आणि जागेवर उभं राहिलं तरी थोड्या मिनिटांत जातं. वडिलांचं वर्णन तुम्ही दिलंय ते दुसऱ्या प्रकारचं आहे. दोन्ही आजार एकत्रही असू शकतात, पण आधी पाय वाचवायचा असतो.

घरी तुम्ही स्वतः दोन गोष्टी बघू शकता. पावलाच्या वरच्या बाजूला मधोमध आणि आतल्या घोट्याच्या मागे नाडी लागते का ते बोटाने चाचपा, उजव्या पायाशी ताडून बघा. पावलावरची नाडी काही निरोगी माणसांतही लागत नाही, म्हणून दोन्ही जागा बघायच्या. मग वडिलांना आडवं झोपवून पाय दोन मिनिटं वर धरा. पाऊल पांढुरकं पडलं आणि खाली लोंबवल्यावर काही वेळाने गडद लाल झालं, तर रक्त कमी आहे. लाल पाय बघून लोक रक्त भरपूर आहे समजतात. रात्री दुखतंय म्हणून वडील पाय बाजेखाली सोडून झोपू लागले तर ती पुढची पायरी आहे, तेव्हा एक दिवसही वाट पाहू नका.

मोज्यांबद्दल मी इतका आग्रह का धरतोय? घट्ट मोजे फुगलेल्या शिरांसाठी असतात. शिरा म्हणजे रक्त परत नेणाऱ्या वाहिन्या, आणि त्यांचा डॉपलर वेगळा असतो. रुग्णाला उभं करून, पोटरी दाबून सोडून, रक्त उलटं किती वेळ वाहतं ते मोजतात. वरवरच्या शिरेत अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ उलटं गेलं तर झडप निकामी. तुमच्या वडिलांचा तो डॉपलर झालेलाच नाही. धमन्यांचा आजार असलेल्या पायाला बाहेरून दाब दिला तर जे थोडं रक्त पोहोचतंय तेही अडतं आणि कातडी काळी पडते. एबीआय ०.६ पेक्षा कमी असेल तर असे मोजे घालू नयेत असं सांगितलं जातं. वडिलांचा एबीआय खोटा चांगला आलाय, त्यामुळे त्यांना धोका दुप्पट.

आणि त्या शिरांना लेझर करून घ्या असं कुणी सुचवलं तर आत्ता अजिबात करू नका. घोट्यापासून जांघेपर्यंत आतल्या बाजूने जाणारी लांब शीर बायपाससाठी सगळ्यात चांगली असते. उद्या बंद धमनीला वळसा घालायची वेळ आली तर सर्जन हीच शीर शोधतील. ती शीर किती जाड आहे, सलग चांगली आहे का, हे डॉपलरने आधी मोजून ठेवता येतं. तिचाही नकाशा काढून द्या, असं तपासणीच्या वेळी सांगा.

उपचाराचं बोलायचं तर जखम नसती तर मी वेगळं सांगितलं असतं. नुसती पिंढरी धरणाऱ्या बहुतेक रुग्णांचा पाय जात नाही. त्यांना तंबाखू पूर्ण बंद, स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी), अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्या), शुगर-बीपी ताब्यात, आणि चालण्याचा व्यायाम: दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं, असं ३० ते ४५ मिनिटं, आठवड्यातून किमान तीनदा, १२ आठवडे. यानेच पुष्कळांचं चालण्याचं अंतर वाढतं. पण दोन आठवड्यांहून जास्त न भरलेली जखम आणि कमी रक्त हे एकत्र आलं की पाय धोक्यात आहे असं मानतात. तुमच्या वडिलांना तीन आठवडे झालेत. आता रक्ताचा रस्ता उघडण्याचा विचार व्हायलाच हवा, त्यामुळे अँजिओग्राफी सांगणाऱ्या डॉक्टरांची दिशा बरोबर आहे. त्याआधी क्रिएटिनीन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासा, कारण रंगद्रव्याचा किडनीवर भार पडतो. शुगरच्या गोळ्यांबद्दलही त्यांना आधीच विचारा, विशेषतः मेटफॉर्मिन.

फुगा घालून अँजिओप्लास्टी की बायपास, यावर तज्ज्ञांतही एकमत नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बेस्ट-सीएलआय चाचणीत चांगली लांब शीर उपलब्ध असलेल्या रुग्णांत बायपास सरस ठरला. २०२३ च्या बेसिल-२ मध्ये गुडघ्याखालच्या धमन्यांसाठी अँजिओप्लास्टीचा गट पुढे राहिला. म्हणून दोन्हींपैकी एकच बरोबर असं कुणी ठामपणे म्हणालं तर ‘आमच्या वडिलांसाठी का?’ हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. उत्तर त्यांच्या धमन्यांच्या चित्रावर, हृदयाच्या तब्येतीवर आणि त्या शिरेवर ठरतं.

दरम्यान पायाची काळजी. आपल्याकडे पाय दुखला की शेक देतात, विटकर गरम करून, गरम पाण्याच्या पिशवीने, नाहीतर बिब्बा लावतात. शुगरमुळे पावलाची जाणीव गेलेली असते, भाजलेलं कळत नाही, आणि रक्त कमी असल्याने भाजलेलं भरत नाही. मी असे पाय पाहिलेत जिथे धमनीच्या आजाराने नाही, शेकाने बोट गेलं. उन्हाळ्यात आपल्या भागात ४२ अंशांवर पारा जातो, तेव्हा बांधावरून अनवाणी जाणंही तेवढंच घातक. पाय धुण्याचं पाणी तुम्ही कोपराने तपासा. बोट काळं आणि कोरडं पडलं तर घाईने कापू देऊ नका, आधी रक्तपुरवठा सुधारतो का ते बघतात. पण वास येऊ लागला, लाली वर सरकू लागली, ताप आला, तर ती वेगळी तातडी आहे, थेट रुग्णालयात जा. पाय अचानक थंडगार, पांढरा, बधिर झाला आणि बोटं हलेनाशी झाली तर साधारण सहा तासांत रक्त सुरू झालं पाहिजे, तेव्हा डॉपलरची अपॉइंटमेंट शोधत बसू नका.

बिडीबद्दल वडिलांना मी स्वतः सांगितलं असतं. धमनी उघडली आणि बिडी चालूच राहिली, तर ती पुन्हा बंद पडण्याचा धोका फार मोठा असतो. तंबाखूने तरुण वयात पायाच्या धमन्या बंद पडण्याचा एक स्वतंत्र आजारही आहे, लिओ बर्गर यांनी १९०८ मध्ये वर्णन केलेला. तिशी-चाळिशीतली, शुगर नसलेली माणसं त्यात बोटं गमावतात. तुमच्या घरात कुणी तरुण बिडी ओढत असेल तर त्यालाही सोबत न्या.

कुठे जायचं? परभणी-नांदेडकडची मंडळी छत्रपती संभाजीनगरला किंवा हैदराबादला जातात. खर्चाची अडचण असेल तर नांदेड, लातूर, अंबाजोगाई किंवा संभाजीनगरच्या घाटीसारख्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या शल्यचिकित्सा विभागात दाखवून पुढची चिठ्ठी घ्या. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत त्या रुग्णालयात ही प्रक्रिया बसते का, ते तिथल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारा, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. डॉपलरचा रिपोर्ट प्रिंटसकट, क्रिएटिनीन, तीन महिन्यांची सरासरी शुगर, ईसीजी आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घेऊन जा. जखमेचा पहिल्या आठवड्यातला फोटो मोबाईलमध्ये असेल तर तोही दाखवा, जखम वाढतेय की आहे तशी आहे हे त्यावरूनच सगळ्यात लवकर कळतं.